मॅनिकिनची साक्ष

माझ्या कामात रोज एका अशा माणसाशी गाठ पडते ज्याला नाव नाही, गाव नाही आणि कंबरदुखी नाही. संगणकाच्या पडद्यावर तो उभा असतो, करड्या रंगाचा, बहुतेक वेळा टकला. वाक म्हटलं की वाकतो, पेटी उचल म्हटलं की उचलतो. हात खांद्याच्या वर धरून आठ तास उभा राहा असं सांगितलं तरी तक्रार न करता उभा राहतो. आम्ही त्याला मॅनिकिन म्हणतो. कागदोपत्री तो डिजिटल ह्यूमन मॉडेल. कारखान्यात नवं यंत्र किंवा नवी मांडणी यायची असली की आधी याला तिथे उभं करून पाहायचं. हात कुठवर पोचतो, मान किती वळते, कंबरेच्या मणक्यांवर दाब किती येतो हे तपासायचं आणि मगच खऱ्या लोखंडाला हात घालायचा, अशी ही रीत.

मी राहते त्या जबलपूरला कारखाना म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. गन कॅरेज फॅक्टरी इथे १९०४पासून आहे, खमरियाची दारूगोळ्याची फॅक्टरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, व्हेइकल फॅक्टरी १९६९ची. सकाळी फॅक्टरीच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी घरं या गावात पिढ्यान्‌पिढ्या होती, त्यांत मराठी घरंही होती. डुमना विमानतळाच्या रस्त्यावर २००५ साली एक केंद्रीय संस्था निघाली, तिच्या नावातच ‘अभिकल्पन’ आणि ‘विनिर्माण’ हे दोन शब्द जोडीने बसले आहेत. डिझाइन करणं आणि घडवणं. या दोघांच्या मधे आता हा करडा माणूस येऊन उभा राहिला आहे, आणि मला बरेच दिवस एक प्रश्न पडतो आहे, की हा नेमका कोणाच्या वतीने उभा आहे?

आधी त्याच्या बाजूचं बोलते, कारण ती बाजू भक्कम आहे. तो नव्हता तेव्हा यंत्राची उंची योग्य की अयोग्य हे ठरवण्याचा मार्ग एकच होता. यंत्र बसवायचं, त्यापुढे माणूस उभा करायचा आणि वाट पाहायची. दहा-बारा वर्षांनी त्याच्या कंबरेने उत्तर दिलं असतं. तोवर यंत्र जुनं झालेलं, उत्तर कोणाला नको असलेलं. ज्या प्रयोगाचा निकाल कामगाराच्या मणक्यात लिहिला जायचा, तो प्रयोग आता पडद्यावर होतो, हे पाऊल पुढचंच आहे. ‘पूर्वीच्या काळी सगळं माणसाच्या हाताने आणि डोळ्याने व्हायचं’ असं हळहळून म्हणणाऱ्यांनी त्या हातांची आणि डोळ्यांची पुढे काय गत झाली तेही एकदा विचारावं.

या करड्या माणसाचा जन्म मात्र कारखान्यात झाला नाही. १९६०च्या दशकात बोइंग कंपनीत विल्यम फेटर याने विमानाच्या कॉकपिटमध्ये वैमानिकाचा हात कुठवर जाईल हे पाहायला संगणकाकडून माणसाची आकृती काढून घेतली. पुढे पेनसिल्व्हानिया विद्यापीठात नॉर्मन बॅडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जॅक’ घडवला, त्याच्या जोडीला ‘जिल’ आली. जर्मनीत मोटारगाड्यांसाठी ‘रॅमसिस’ झाला. म्हणजे हे सारे खुर्चीवर बसणारे, पट्टा बांधणारे, समोर काच असणारे लोक. मांडी घालून बसणाऱ्याचा विचार त्यांच्या घडणीत सुरुवातीला येण्याचं कारणच नव्हतं. उकिडवं बसून काम करणं ही तिकडे एक अवघड अवस्था, इकडे ती अर्ध्या देशाची बैठक.

शिवाय त्याच्या अंगाची मापं कुठून तरी यावी लागतात. या क्षेत्रात फार वापरला गेलेला संच अमेरिकी लष्कराचा, १९८८ साली सैनिकांना मोजून तयार केलेला. त्यातल्या पुरुषाची सरासरी उंची साधारण १७६ सेंटिमीटर, स्त्रीची १६३. आपल्याकडे भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने निरनिराळ्या राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक शेतकरी-शेतमजुरांची मापं गोळा करवून घेतली आणि २००९ साली ती ग्रंथरूपाने काढली. त्यात पुरुष साधारण १६३ सेंटिमीटर, स्त्री १५१-१५२. अमेरिकी संचातून ‘छोटी स्त्री’ म्हणून जी मॅनिकिन निघते, शंभरांत पाचव्या क्रमांकाची, तिची उंची सुमारे १५३ भरते. म्हणजे आपली अगदी मधली, चारचौघींसारखी शेतमजूर बाई त्यांच्या छोट्या बाईपेक्षाही किंचित बुटकी निघाली. सॉफ्टवेअर विकत घेऊन तसंच चालवलं तर आपल्या निम्म्या बाया त्या चित्रात जवळपास नाहीतच.

हा दोष दुरुस्त होण्यासारखा आहे. भोपाळचे आकडे भरले की झालं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनेही १९९७ साली भारतीय मापांचं एक पुस्तक काढलं होतं. माझ्या पिढीच्या डिझायनरांच्या टेबलावर ते असतंच. (जबलपूरची जोंगा अनेकांना आठवत असेल. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ अशी तिच्या नावाची फोड सांगतात. नाव इतकं आमचं, पण मूळ आराखडा निसानचा. ‘शक्तिमान’ ट्रकही तसाच, गाडी इथली आणि रेखाटन जर्मन. त्या आसनांवर आमचे जवान वर्षानुवर्षं बसले आणि आसनांप्रमाणे स्वतःला जुळवून घेत राहिले.) आकडे आपले भरले तरी जो प्रश्न उरतो तो मला जास्त छळतो.

तो प्रश्न पर्सेंटाइलचा. आमच्या व्यवसायाचा संकेत असा, की पाचव्यापासून पंचाण्णवाव्या पर्सेंटाइलपर्यंतच्या माणसांना काम जमलं पाहिजे. ऐकायला हे उदार वाटतं, शंभरातल्या नव्वदांची सोय. उरलेल्या दहांचं काय, हे विचारलं तर उत्तर मिळतं की टोकाच्या माणसांना सामावून घ्यायचं तर खर्च फार वाढतो. उत्तर खोटं नाही. पण ते हिशेबाचं उत्तर आहे, शास्त्राचं नव्हे. कोणाला वगळलं तर चालेल हा निर्णय कोणीतरी, कधीतरी घेतलेला असतो. तो आकड्यांच्या भाषेत मांडला गेल्यामुळे निर्णय वाटेनासा होतो, हवामानासारखा वाटायला लागतो. त्यातही एक गंमत आहे. माणूस एकाच मापाने बनत नाही. उंचीने मधला असणारा हाताने आखूड असेल, हाताने लांब असणारा पायाने छोटा. एकेका मापात दहाजण गळाले की सगळी मापं एकत्र धरल्यावर गळणारे दहापेक्षा पुष्कळ जास्त होतात. अमेरिकी हवाई दलात गिल्बर्ट डॅनियल्स याने ४०६३ वैमानिक तपासले होते. दहा मापं घेतली, प्रत्येक मापाभोवती सढळ हाताने ‘सरासरी’चा पट्टा आखला, आणि दहाही मापांत त्या पट्ट्यात बसणारा वैमानिक शोधला. एकही सापडला नाही. १९५२ सालची ही गोष्ट. सरासरी माणूस म्हणून ज्याच्यासाठी कॉकपिट बांधलं जात होतं तो कधी जन्मलाच नव्हता.

मोजण्याबद्दल बोलताना मराठी माणसाला इरावती कर्वे आठवल्याशिवाय राहत नाहीत. १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या, ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली. कवट्यांच्या दोन बाजूंतला असमतोल मोजून तो वंशाशी जोडता येतो का हे पाहण्याचं काम त्यांना मिळालं. गुरूंना कोणतं उत्तर आवडलं असतं ते उघड होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही असं लिहिलं. पुढे पुण्यात डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी महाराष्ट्रातल्या जातीजमातींच्या माणसांची मापं घेतली. वि. म. दांडेकरांबरोबरचा त्यांचा तो अभ्यास १९५१ साली पुस्तकरूपाने निघाला. त्या काळात उंचीची दांडी आणि डोक्याचा कॅलिपर ही हत्यारं ‘तू कोण आहेस, कोणाच्या वंशातला’ हे विचारायला वापरली जात. आम्ही तीच हत्यारं हातात घेऊन विचारतो, ‘तुला मूठ किती उंचीवर हवी?’ हा बदल मला फार मोलाचा वाटतो. माणसाला खणात घालण्यासाठी मोजणं आणि वस्तू माणसाच्या मापाची करण्यासाठी मोजणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. फक्त मोजणाऱ्याच्या अंगी त्या बर्लिनच्या प्रबंधातली हिंमत हवी, की वरच्याला नको असलेलं उत्तर निघालं तरी ते लिहायचं.

त्या हिमतीची गरज कुठे पडते ते सांगते. एका कारखान्यात (कुठला ते महत्त्वाचं नाही) यंत्रावर ओतीव भाग चढवणाऱ्या एका कामगाराचा उजवा खांदा दुखत होता. त्या जागेचा सिम्युलेशन अहवाल आधीच कोणीतरी बनवून ठेवला होता, आणि त्यात सगळं हिरवं होतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये धोका लाल, संशय पिवळा, सुरक्षित ते हिरवं. सुपरवायझरने कागद पुढे केला आणि म्हणाला, ‘रिपोर्ट तो साफ है मॅडम, फिर इसे दर्द कैसे?’ तो माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच कोडं पडलं होतं. कागद आणि खांदा यांत विरोध असेल तर शंका खांद्यावर घ्यायची, इतकं त्याच्या मनात पक्कं बसलं होतं.

मी दोन दिवस त्या यंत्राजवळ उभी राहिले. मॅनिकिन तो भाग दोन्ही हातांनी, सरळ समोर उभा राहून चढवत होता. खरा माणूस एका हाताने हॉइस्टचं बटण धरत होता, दुसऱ्या हाताने भाग वळवत होता, आणि खाली तेल सांडलेलं असल्यामुळे एका लाकडी फळीवर तिरका उभा होता. हे सांगितल्यावर मांडणी बदलली. गोष्ट इथे संपली असती तर मी ती सांगितली नसती. मला टोचतं ते पुढचं आहे. समजा मला हॉइस्टचं बटण दिसलं नसतं, फळी दिसली नसती. समजा मॅनिकिनची मुद्रा अगदी बरोबर असती आणि तरीही खांदा दुखत असता. मग?

हिरव्या रंगाचा अर्थ काय हे पाहिलं तर उत्तर तिथेच आहे. ओझं उचलण्यासाठी जगभर वापरलं जाणारं सूत्र अमेरिकेच्या नायॉश या संस्थेचं, १९९१ साली सुधारलेलं. सगळी परिस्थिती आदर्श असेल, म्हणजे ओझं अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, वळावं लागत नाही, पकड चांगली, तर ते २३ किलोपर्यंत परवानगी देतं. परिस्थिती जितकी बिघडेल तितकं हे वजन घटत जातं. आणि हा २३चा आकडा सुमारे ७५ टक्के स्त्रियांना पेलेल या हिशेबाने धरलेला आहे. उरलेल्या चौथ्या बाईला हिरव्या खुणेनंतरही दुखू शकतं, हे सूत्राने स्वतःच मान्य केलेलं आहे. हिरवा रंग समूहाबद्दल बोलतो. तो समोरच्या एका माणसाला ‘तुला दुखत नाही’ असं सांगू शकत नाही, पण कारखान्यात तो नेमका तसाच वाचला जातो. पूर्वी कामगाराला आपलं दुखणं डॉक्टरपुढे सिद्ध करावं लागे. आता एका न दुखणाऱ्या शरीरापुढे सिद्ध करावं लागेल, आणि ते शरीर त्याच्याहून जास्त विश्वासार्ह मानलं जाईल. माझी भीती एवढीच आहे, पण ती लहान नाही.

(जाता जाता, याच गावात ‘धनुष’ तोफ बनते. १५५ मिलिमीटर तोफेचा एक गोळा चाळीस किलोंहून जड असतो. आमच्या सूत्रासमोर ठेवला तर पडदा लालेलाल होईल. अर्गोनॉमिक्सला खरी गती महायुद्धातल्या विमानांनी आणि तोफांनी दिली. माणसाच्या सोयीचं हे शास्त्र दुसऱ्या माणसाला मारण्याच्या सोयीपासून वाढलं, याचा विचार मी फार वेळ करत नाही, पण टाळूनही चालत नाही.)

कारखान्यात निदान मॅनिकिन येतो तरी. जबलपूरचा दुसरा मोठा धंदा विडीचा, आणि तो घराघरांतल्या उंबऱ्याशी चालतो. तेंदूची पानं भिजवून, पत्र्याच्या मापाने कापून, तंबाखू भरून, वळून, दोऱ्याने बांधायची. हे काम बायकांचं, भिंतीला टेकून जमिनीवर बसून, मांडीवर सूप घेऊन. मजुरी हजार विड्यांवर. आमच्या पद्धतीत मान वीस अंशांपेक्षा जास्त वाकलेली राहिली की गुण बिघडायला लागतात; या बायकांची मान दिवसभर त्याच्या पुष्कळ पलीकडे असते. मी एका वस्तीत जाऊन एकीची मुद्रा मॅनिकिनवर उतरवली. त्यासाठी जमिनीवर मांडी घातलेला मॅनिकिन सांधा सांधा वळवून हाताने बसवावा लागला, हे ओघाने आलंच. उत्तर दिसत होतं. सूप मांडीवरून उचलून वीतभर उंच चौरंगावर ठेवला की मान सरळ होते, पडद्यावर लालचं पिवळं होतं. तसा चौरंग करून दिला. तिने दोन दिवस वापरला आणि भिंतीशी उभा करून ठेवला. कारण विचारल्यावर म्हणाली, ‘दीदी, गर्दन सीधी रखूँगी तो हज़ार पूरे नहीं होंगे.’

हात वर उचलावे लागत होते, वेग कमी होत होता, आणि वेग म्हणजे मजुरी. तिची मान कोणत्या कोनात राहील हे सुपाच्या उंचीने ठरत नव्हतं, हजाराच्या दराने ठरत होतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये वजन भरायला रकाना आहे, अंतर भरायला आहे, मिनिटाला किती वेळा उचलायचं तेही भरता येतं. दर भरायला रकाना नाही. तो असता तर मणक्यावरचा दाब आणि हजाराचा भाव यांचं नातं पडद्यावर दिसलं असतं, आणि मग लाल खूण नेमकी कशाला लावायची हा प्रश्न उघड्यावर आला असता. १९६६चा विडी-सिगार कामगार कायदा घरी काम करणाऱ्या बाईलाही कामगार मानत असे. पण तिच्या घरातल्या दीड हात जागेचं सिम्युलेशन करून घ्यायला पैसे कोण देणार? मॅनिकिन भाड्याने येतो. ज्याच्याकडे परवाना विकत घ्यायची ऐपत आहे त्याच्याच दारात तो उभा राहतो, आणि ज्यांची शरीरं सर्वांत जास्त झिजतात त्यांच्यापैकी बहुतेक त्या दाराच्या बाहेर आहेत.

मी हे काम सोडलेलं नाही, सोडणारही नाही. एक अट मात्र आता माझ्या प्रत्येक कामात घालते. अहवाल वर जाण्याआधी तो ज्याच्या जागेचा आहे त्याला पडदा दाखवायचा. बहुतेकजण आधी हसतात, ‘हा मी?’ म्हणतात. मग चुका काढायला लागतात. इथे मी असा उभा राहत नाही, डावा पाय त्या विटेवर असतो. ही वीट कुठल्याच आराखड्यात नसते. हातमोजा घातला की पकड सुटते, म्हणून आम्ही मोजा काढतो. मे महिन्यात पत्र्याखाली त्रेचाळीस अंश असतात, तुमच्या या बाहुल्याला घाम येतो का? येत नाही. एकाने तर मॅनिकिनकडे बोट दाखवून विचारलं, ‘ये छुट्टी माँगता है क्या?’ सगळे हसले. मला तो प्रश्न अजून पुरतो आहे. नाही म्हणू शकणं हा काम करणाऱ्या शरीराचा एक गुण आहे, उंची आणि हाताच्या लांबीइतकाच खरा, आणि त्याचं पर्सेंटाइल कोणी काढलेलं नाही.

तो गुण मोजता येत नसला तरी त्याचे परिणाम दिसतात. आपल्याकडे धान्याचं पोतं एके काळी क्विंटलचं असायचं. डोक्यावर, पाठीवर तेच. माथाडी हा शब्दच माथ्यावरून आलेला आहे. १९६९ साली महाराष्ट्राने त्या नावाने कायदा केला तेव्हा त्यामागे अण्णासाहेब पाटलांनी बांधलेली संघटना होती. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने पोत्याचं वजन पन्नास किलोवर आणा ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. हमालाच्या मणक्यावर किती न्यूटन दाब येतो हे त्यांच्यापैकी कोणी मोजलं नव्हतं. त्यांनी एवढंच म्हटलं, की हे आम्ही उचलणार नाही. पुढे पोती पन्नासवर आली. सिमेंटची गोणी आजही पन्नास किलोचीच येते. जबलपूरच्या मालधक्क्यावर ती वॅगनमधून पाठीवर, पाठीवरून ट्रकमध्ये जाते, आमच्या सूत्राच्या आदर्श आकड्याच्या दुपटीहून जास्त वजनाची, आणि खांद्यावर घेणारा माणूस वाकलेला, वळलेला, पाऊल सांभाळत चाललेला असतो. ते २३ आणि ५० मधलं अंतर मला माझ्या टेबलावरून दिसतं. मी ते तक्त्यात मांडून देऊ शकते, रंग भरून देऊ शकते, आणि मागच्या आठवड्यात तसं दिलंही. ज्यांना दिलं ते तिथल्या हमालांच्या युनियनचे लोक होते. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला, लाल रंग म्हणजे काय ते विचारून घेतलं आणि हिंदीत एक प्रत मागितली.